लहान मुलांच्या लशींना ‘ब्लँक’ असतो का? (येत्या बुधवारी सहा आठवड्यांचे डोस)

म्हार्दोळकरीण

मुलगी पाच आठवड्यांची झाली. येत्या बुधवारी आरोग्य केंद्रात पहिले मोठे डोस आहेत: पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओचे थेंब, पोलिओचं इंजेक्शन, रोटाचे (जुलाबाच्या विषाणूवरचे) थेंब आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची लस). जन्मल्यावर बीसीजी आणि हेपॅटायटिसचा डोस झाला तेव्हा मला कसलाच प्रश्न पडला नव्हता.

आता पडलाय. चवथीला सगळे मूळ घरी जमलो होतो. दुबईहून आलेल्या माझ्या दिराने माटोळी (गणपतीवर टांगतो ती फळाफुलांची चौकट) बांधता बांधता विषय काढला. त्याचं म्हणणं, मुलांच्या एकाही लशीची खऱ्या प्लासिबोशी, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याशी, तुलना झालेली नाही. नवी लस जुन्या लशीशी ताडतात, जुनी तिच्याहून जुनीशी, आणि सगळ्यात तळाला काहीच नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने यापुढे नव्या लशींना प्लासिबोची चाचणी लागेल असं जाहीर केलं, म्हणजे आजवर करत नव्हते हे त्यांनीच कबूल केलं, असंही तो म्हणाला. सासऱ्यांनी ‘गणपतीसमोर हे कसलं बोलणं’ म्हणून त्याला गप्प केलं, तर रात्री फॅमिली ग्रुपवर भलीमोठी पीडीएफ येऊन पडली.

त्यातली एक गोष्ट मी स्वतः तपासली. अमेरिकेतल्या एका हेपॅटायटिस बी लशीच्या माहितीपत्रकात म्हटलंय की १४७ निरोगी बाळांना आणि मुलांना डोस देऊन प्रत्येक डोसनंतर पाच दिवस लक्ष ठेवलं. खरंच तसं लिहिलंय.

मी केमिस्ट. बाळंतपणाच्या रजेपर्यंत वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. ब्लँक, म्हणजे तपासायचा पदार्थ नसलेला तुलनेचा नमुना, न लावता रीडिंग घेतलं तर आमचे साहेब वही तोंडावर फेकायचे. म्हणून विचारते, लशींचा ब्लँक कुठे आहे? डोस द्यायचे हे ठरलेलंच आहे, त्यावर वाद नको. ‘गुगल कमी करा’ सांगणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

पर्वरीकर

ताई, आमची दोन्ही पोरं सगळ्या लशी घेऊन धडधाकट आहेत. एवढा विचार करत बसलात तर पोरीला पुढे पेजसुद्धा भरवता येणार नाही. माशातल्या फॉर्मेलिनला कोणी प्लासिबो लावून बघितलं होतं?

म्हार्दोळकरीण

फॉर्मेलिनच्या वेळी आमच्या घरी नुस्तं (मासे) बंदच होतं हो, त्यामुळे उदाहरण चुकीच्या दारात आणलंत. कोणी नीट माहिती असलेलं उत्तर देईल का?

कुळागरवाला

मी देतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आता सत्तरी तालुक्यात कुळागर बघतो (सुपारीचा भाव हा वेगळ्या धाग्याचा विषय). त्याआधी काही वर्षं पुण्याकडे एका संशोधन केंद्रात बाळांच्या लशींच्या चाचण्यांवर समन्वयक होतो. कंपन्यांची नावं विचारू नका, कागदांवर सह्या केलेल्या आहेत.

तुमच्या ब्लँकवरूनच सुरू करतो. तुम्ही ब्लँक म्हणून नुसतं डिस्टिल्ड वॉटर लावता, की तपासायचा पदार्थ वगळून बाकी सगळी रीएजंट्स (चाचणीची रसायनं) घातलेला रीएजंट ब्लँक? बहुतेक वेळा दुसरा. कारण तुम्हाला त्या एका पदार्थाचं रीडिंग हवं असतं. लशीच्या चाचणीतही अनेकदा हेच करतात: विषाणू किंवा जंतूचा भाग वगळायचा, बाकीचं द्रावण तेच ठेवायचं. त्यातून ‘विषाणूमुळे काय झालं’ ते कळतं. ‘बाकीच्या द्रावणामुळे काय झालं’ हे मात्र कळत नाही, त्यासाठी सलाईनच लागतं. तुमच्या दिराच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढ्या जागेत. तो त्यावरून पुढे जे रचतो, त्यात नाही.

तळाला काही नाही हे साफ खोटं. १९५४ साली अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. तिच्या एका भागात सुमारे दोन लाख शाळकरी मुलांना लस आणि तितक्याच मुलांना तशीच दिसणारी निष्क्रिय सुई दिली. कोणाला काय मिळालं ते मुलाला, आईबापांना, तपासणाऱ्या डॉक्टरांना, कोणालाच ठाऊक नव्हतं. पोलिओ झाला लस घेतलेल्या गटात लाखामागे २८ मुलांना, प्लासिबो गटात लाखामागे ७१ मुलांना. आता मजा बघा. ज्या मुलांना आईबापांनी टोचूच दिलं नाही, त्यांच्यात आकडा ४६ निघाला. म्हणजे काही न घेतलेली मुलं प्लासिबो घेतलेल्यांपेक्षा बरी! प्लासिबोने पोलिओ वाढला असं कोणी म्हणेल का? परवानगी देणारी आणि नाकारणारी घरंच वेगळी होती. नाकारणाऱ्यांत गरीब घरं जास्त, तिथल्या पोरांना तान्ह्या वयातच विषाणू गाठून जाई आणि बऱ्याच जणांत प्रतिकारशक्ती आधीच आलेली असे. ‘लस न घेतलेली अमक्याची पोरं बघा कशी ठणठणीत आहेत’ हा हिशेब इथे फसतो. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्लासिबो आणि आपखुशीने न घेतलेली मुलं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लशीची) चाचणी तर फिनलंडमध्ये जुळ्यांवर झाली, १९८६ मध्ये छापून आली. ५८१ जोड्या. एकाला आधी लस आणि तीन आठवड्यांनी प्लासिबो, दुसऱ्याला उलट. एकाच घरातली, एकच जेवण जेवणारी, एकाच वेळी सर्दी होणारी पोरं! खरोखर लशीमुळे झालेला त्रास निघाला लक्षणागणिक अर्धा ते चार टक्के. सर्दीखोकला आणि उलट्या तर प्लासिबोनंतरच जास्त नोंदल्या गेल्या. डांग्या खोकल्याची नवी लस स्वीडनमध्ये १९८६ पासून ३,८०१ बाळांवर प्लासिबोशी ताडली. तिथेच का, तर स्वीडनने १९७९ मध्ये जुनी लस बंद केली होती, त्यामुळे प्लासिबो देऊन कोणाच्या हक्काचं काही काढून घेतलं जात नव्हतं.

तुमच्या त्या १४७ मुलांबद्दल. नोंद खरी आहे आणि पाच दिवस कमीच आहेत, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण ती एका ब्रँडची नोंद आहे. तिच्या आधीची, रक्तद्रवापासून केलेली हेपॅटायटिस बी लस न्यूयॉर्कमध्ये १,०८३ प्रौढ पुरुषांवर प्लासिबोशी ताडली गेली आणि १९८० मध्ये निकाल आला. त्या प्लासिबोत अॅल्युमिनियमचा क्षार होता. बघा, पुन्हा रीएजंट ब्लँक.

आता रोटाकडे येतो, कारण बुधवारी तुमच्या मुलीच्या तोंडात तेच थेंब जाणार आहेत आणि प्लासिबोचं बळ न् मर्यादा दोन्ही रोटातच दिसतात.

अमेरिकेत १९९८ च्या ऑगस्टमध्ये ‘रोटाशील्ड’ नावाच्या पहिल्या रोटा लशीला परवाना मिळाला. परवान्याआधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या १०,०५४ बाळांपैकी ५ जणांच्या आतड्यात आतडं शिरलं होतं. प्लासिबोच्या ४,६३३ पैकी एकाच्या. पाच आणि एक. गट दुप्पट मोठा होता हे धरलं तर फरक योगायोगाचाही असू शकतो, आणि आकडेशास्त्राने तसंच सांगितलं. लस लाखो बाळांना गेल्यावर तक्रारी यायला लागल्या. १९९९ च्या जुलैत पंधरा नोंदी जमल्यावर लस थांबवली आणि ऑक्टोबरात मागे घेतली. धोका निघाला साधारण दहा हजारांत एक. म्हणजे प्लासिबो होता, पण तो गट त्या धोक्याला पुरा पडण्याइतका मोठा नव्हता. म्हणून पुढच्या दोन रोटा लशींना सुमारे ७० हजार आणि ६३ हजार बाळांच्या चाचण्या कराव्या लागल्या, प्लासिबोसकट. माझं म्हणाल तर, पीडीएफवाल्यांनी ‘सलाईन होतं का’ याच्या जोडीला ‘बाळं किती होती’ हेही विचारायला हवं. तो प्रश्न कोणी विचारताना मला आजवर दिसलेलं नाही.

आता आपल्याकडे तयार झालेली रोटा लस, रोटाव्हॅक. तिचा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात बाळांच्या विष्ठेत सापडला. चाचणी दिल्ली, पुण्याजवळचं वढू आणि वेल्लोर इथे, ६,७९९ बाळं, दोनास एक अशा प्रमाणात लस आणि प्लासिबो. निकाल २०१४ मध्ये छापून आले. रोटाच्या तीव्र जुलाबाचे प्रसंग लशीच्या मोठ्या गटात ७१, प्लासिबोच्या निम्म्या गटात ७६. आता यातला जो आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ऐका. लस घेतलेल्या गटात २५ बाळं दगावली.

प्लासिबो नसता तर दुसऱ्या दिवशीचा मथळा काय आला असता? ‘लशीच्या चाचणीत २५ बाळांचा मृत्यू’. प्लासिबो गटात, जो निम्म्याने लहान होता, १७ दगावली. आपल्याकडे हजारो तान्ही बाळं दोन वर्षं बघत बसलात तर त्यातली काही जातातच, लस असो वा नसो. ते कसं जातात ते वस्तीवर काम केलेल्याला सांगावं लागत नाही. प्लासिबो गट हे मोजून ठेवतो.

रोजचं काम कसं चालायचं तेही सांगतो, म्हणजे ‘डबल ब्लाइंड’ (कोणाला काय मिळालं हे ना आईला ठाऊक, ना तपासणाऱ्याला) म्हणजे काय ते डोळ्यांपुढे येईल. अॅल्युमिनियम असलेली लस गढूळ दिसते, सलाईन काचेसारखं स्वच्छ. भरलेली सिरिंज कोणी बघितली की संपलं. म्हणून सिरिंजवर अपारदर्शक लेबल गुंडाळायचं. सिरिंज भरून टोचणारी नर्स आमच्याहून वेगळी, तिने आमच्याशी त्या बाळाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. घरोघर जाऊन ताप लिहिणारी ताई वेगळी, तिला काही माहीत नाही. आयांना डायरी, थर्मामीटर आणि सूज मोजायला वर्तुळं छापलेली पारदर्शक पट्टी द्यायचो. थर्मामीटर अख्ख्या वस्तीच्या कामी यायचा, घरी गेलं की तो शेजारच्या आजोबांच्या काखेत सापडायचा. आणि सगळ्या डायऱ्यांत ताप. सगळ्यांत किरकिर. आम्ही आपापसांत पैजा लावायचो की हे बाळ नक्की लशीच्या गटातलं. गट उघडल्यावर पैजांचा पार बोजवारा उडाला. ज्याने आमच्या नाकी नऊ आणले होते, ते पोरगं प्लासिबोतलं निघालं.

म्हापशेचा_शंकासुर

कुळागरवाले, छान लिहिलंत, पण सोयीचं तेवढं सांगितलंत. दोन गोष्टी.

एक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या गार्डासिल लशीच्या मोठ्या चाचण्यांत ‘प्लासिबो’ म्हणून अॅल्युमिनियमच दिलं होतं. बिनअॅल्युमिनियमचा गट सुमारे ६०० मुलामुलींचा. आणि अमेरिकेत न्यूमोनियाची लस सुमारे ३८ हजार बाळांवर तपासली तेव्हा दुसऱ्या गटाला मेंदूज्वराची प्रायोगिक लस दिली. दोन्हीकडे सारखाच ताप आला तर ‘सुरक्षित’? हा तुमचा ब्लँक?

दोन. रोटाव्हॅकच्या वेळी दोन चांगल्या परदेशी रोटा लशी बाजारात उपलब्ध होत्या. तरी आपल्या २,२०० च्या वर बाळांना काहीच न देता बघत बसले. हे न्यूजर्सीत चाललं असतं का? गरिबाचं बाळ म्हणून चाललं.

मीही लसविरोधी नाही. माझ्या मुलीला सगळं दिलंय.

कुळागरवाला

शंकासुर, दोन्ही मुद्दे रास्त, पण ते एकमेकांच्या विरुद्ध तोंडाला जातात हे तुमच्या ध्यानात आलं का? पहिल्यात तुम्ही म्हणता कोरा प्लासिबो द्यायला हवा होता. दुसऱ्यात म्हणता बाळांना कोरं का ठेवलं. या क्षेत्रातली सगळी भांडणं याच दोन वाक्यांच्या मधे होतात.

गार्डासिलबद्दल तुमच्याशी सहमत. अॅल्युमिनियमच्या गटाला सरळ ‘प्लासिबो’ म्हणत गेले, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. बिनअॅल्युमिनियमचा गट आणखी मोठा करता आला असता. अॅल्युमिनियम लशींत १९३० च्या दशकापासून आहे हा बचाव खरा आहे, पण मोजून दाखवणं केव्हाही बरं.

न्यूमोनियाच्या लशीचं मात्र अर्धंच सांगितलंत. त्याच जातीची, नऊ प्रकारच्या जंतूंवरची लस गांबियात १७,४३७ बाळांवर प्लासिबोशी ताडली गेली आणि २००५ मध्ये निकाल आला. लस मिळालेल्या गटात मृत्यू १६ टक्क्यांनी कमी. तुम्ही सांगितलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दुसरी लस देण्यामागे विचार असा होता की टोचून घेणाऱ्या बाळाला निदान काहीतरी फायदा होण्याची शक्यता असावी. त्याची किंमत म्हणजे तुम्ही म्हणता तीच: दोन लशींचा सारखा त्रास एकमेकांत लपू शकतो.

रोटाव्हॅकबद्दल. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच प्रश्नावर तज्ज्ञ बसवले होते. लस उपलब्ध असतानाही प्लासिबो चालेल अशा काही परिस्थिती त्यांनी मान्य केल्या. त्यातली एक म्हणजे त्या देशाला परवडणारी स्वतःची लस तयार करणं. परदेशी लशी तेव्हा सरकारी कार्यक्रमात नव्हत्याच, फक्त खासगी डॉक्टरकडे, पैसे मोजणाऱ्याला. २०१६ पासून रोटाव्हॅक सरकारी केंद्रांत फुकट मिळायला लागली. यावरून ते बरोबर ठरलं असं मी म्हणत नाही. संमतीपत्रक वाचून दाखवताना समोरची आई शेवटी विचारायची, ‘म्हणजे माझ्या बाळाला खोटं औषधसुद्धा मिळू शकतं?’ हो म्हणायचो. ती पदर सारखा करायची आणि अंगठा द्यायची किंवा उठून जायची. उठून जाणाऱ्या मला जास्त शहाण्या वाटायच्या असं नाही, पण बसणाऱ्या सगळ्याच समजून बसायच्या असंही नाही. चाचणीत आलं की बाळाच्या दुखण्याखुपण्याला डॉक्टर आणि गाडी मिळते, हे त्यांना संमतीपत्रकातल्या बाकी सगळ्यापेक्षा आधी कळायचं.

म्हार्दोळकरीण

रीएजंट ब्लँकचं लक्कन डोक्यात शिरलं. पण मग पाच आणि एक असा प्रकार आपल्या थेंबांत आता होत नसेल कशावरून? चाचणीत सहा हजारच बाळं होती ना?

कुळागरवाला

बरोबर पकडलंत. त्या चाचणीत आतड्याचे प्रसंग लशीच्या गटात ६ आणि प्लासिबोत २ होते, सगळे तिसऱ्या डोसनंतरचे. एवढ्यावरून दहा हजारांत एकाचा धोका ना सिद्ध होतो ना खोडला जातो. म्हणून लस कार्यक्रमात आल्यावर २०१६ ते २०१९ देशभरातल्या दोन डझनांहून जास्त हॉस्पिटलांत आतडं अडकलेली बाळं शोधून त्यांच्या डोसच्या तारखा ताडल्या. थेंबांनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धोका वाढलेला दिसला नाही. २०२० मध्ये ते छापून आलं. यात प्लासिबो नाही. प्रत्येक बाळाचे डोसपासून दूरचे दिवस हीच त्याची तुलना.

डिचोलीची_निवृत्त_नर्स

सगळं वाचलं. कुळागरवाले भाऊ, तुमच्या त्या तोंड शिवलेल्या नर्सचं काम मला जमलं नसतं.

२०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम पहिल्या टप्प्यात आपल्याकडे आली तेव्हा मी शाळांत टोचायला होते. तेव्हाही व्हॉट्सअॅपवर हेच होतं, फक्त पीडीएफ नव्हती. एक वडील फोन नाचवत वर्गात आले होते. मी त्यांना मुलाशेजारी बाकावर बसवलं आणि म्हटलं, अर्धा तास इथेच बसून बघा. बसले.

ताई, बुधवारसाठी कामाचं सांगते. पेंटा डाव्या मांडीला देतात, पीसीव्ही उजव्या मांडीला, पोलिओचं इंजेक्शन उजव्या दंडाला, कातडीत. म्हणून सूज किंवा लाली आली तर कुठल्या बाजूला ते बघून तारखेसकट कार्डाच्या मागे लिहा. डाव्या मांडीची गाठ म्हणजे बहुतेक पेंटाची, घाबरू नका, चोळू नका, वर हळद नको, बर्फ थेट लावू नका. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा, बस चुकली तरी चालेल. अंगावर पाजत राहा. तापाचं औषध केंद्रातून वजनाप्रमाणे विचारून घ्या, शेजारणीच्या बाटलीतलं अंदाजाने नको.

आणि रोटाच्या थेंबांनंतर, आठवडा गेला तरी, बाळ थांबून थांबून कळवळून रडलं, पाय पोटाशी ओढलं, हिरवट उलटी केली किंवा शीमध्ये रक्त, लालसर जेलीसारखं, दिसलं, तर घरगुती काही करत बसायचं नाही. पोटदुखीचे थेंबही नकोत. रात्र असली तरी गाडी काढून सरळ बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायचं, आणि डोसचं कार्ड बरोबर न्यायचं. तिथे पहिला प्रश्न तारखेचाच विचारतात. बाळ बरं झाल्यावर आपल्या केंद्राच्या डॉक्टरांनाही कळवा, म्हणजे त्याची नोंद वर जाते.